एका घरट्यात सहा अंडी

तळ्याकाठी सकाळपासून रांग होती. बहुतेक बायकाच, प्रत्येकीच्या हातात बाटली. तळ्यातल्या बेटावर कुरव पक्षी घरटी करत. एका घरट्यात एरवी तीन अंडी असायची, तिथं दोन वर्षांपासून सहा-सहा दिसू लागली होती. "पाखराला दुप्पट दिलं, तुला एक द्यायला कितीसा वेळ?" तळेबाबा भोंग्यातून विचारत आणि पाण्याच्या बाटलीवर फुंकर मारत.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण रांगेत त्यांची धाकटी बहीण होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली, वर्षभर हेच पाणी पिणारी. समजावून झालं, भांडून झालं. शेवटी बाई होडीनं बेटावर गेल्या.

पुढे दीड महिना त्या जात राहिल्या. सहा अंड्यांच्या एकाही घरट्यात पिल्लू निघालं नाही. बाबांचे चेले नासलेली अंडी टोपलीत भरून गुपचूप पुरत होते. बाईंनी काही पक्ष्यांचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तसं धाकटीला दवाखान्यात बोलावलं, खिडकीला काळं कापड लावलं आणि बेटावरून आणलेल्या एका अंड्यामागे बॅटरी धरली. आत ना शीर, ना ठिपका. नुसता पिवळा उजेड.

"यात जीव धरलाच नव्हता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. बंद पडलेल्या कारखान्याचं तेल तळ्यात मुरलं होतं. ते वर्षानुवर्षं विरत नाही. माशांतून पाखरांत साठतं आणि अंड्यातल्या नराच्या वाढीचे हार्मोन बिघडवतं. असे नर मोठे होऊन जोडी जमवत नाहीत. मग दोन माद्या मिळून एक घरटं करतात. तीन हिची, तीन तिची.

धाकटी अंड्याकडे बघत राहिली. "त्यांना कळतं का गं ताई, आत काही नाही ते?"

"नाही. पाळीपाळीनं बसतात. दिवस उलटून गेले तरी बसतात."

तेव्हा ती रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "माझंही या पाण्यानंच झालं का?"

"ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं सांगायला मी बाबा नाही. आपण दोघी तपासून घ्यायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी धाकटी तळ्यावर गेली ती रिकाम्या हातानं. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली. कुणाची, माझी की पाखरांची, असं तिनं शांतपणे विचारलं. मग ती रांगेकडे वळली.

"हे पाणी आधी तपासून घ्या. अंडी मीही मोजली, बायांनो. पिल्लं कुठं आहेत, हे विचारायचं राहिलं. तुम्ही विचारा."