खरपूस कांदा

"शेगडी बाहेर घ्या," रेक्टर म्हणाले. "अगदी त्यांच्या नाकाखाली. कांदा मस्त खरपूस परता. बघू किती वेळ दम धरतात."

वसतिगृहाच्या खानावळीत मावशींची उभी हयात गेली होती. पण कुणाला छळायलाही स्वयंपाक करतात, हे त्यांना आजच कळत होतं.

खानावळीच्या पायऱ्यांवर मुलं कालपासून उपाशी बसली होती. भांडी घासणाऱ्या बाईचा हात उकळत्या पाण्याने भाजला, आणि औषधपाणी करायचं सोडून तिला घरचा रस्ता दाखवला गेला. तिला परत घ्या, एवढंच मुलांचं म्हणणं होतं.

"लेकरं आहेत हो ती, साहेब."

"तुम्हाला नोकरी हवीय ना?"

हवी होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मावशींनी शेगडी पायऱ्यांसमोर आणून पेटवली.

तेलात कांदा पडला आणि वास सुटला. पायऱ्यांवरच्या घोषणा थांबल्या. रोज तिसऱ्यांदा वाढून घेणारा जाड्या आवंढे गिळू लागला. मुलांची पुढारी, ती चष्मेवाली, मावशींकडेच बघत होती.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" ती हळूच म्हणाली.

मावशींनी मान वर केली नाही.

कांदा गुलाबी झाला, मग तांबूस. आता हलवायला हवा होता. हात सवयीने कालथ्याकडे गेला. मावशींनी तो मागे घेतला आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

बघता बघता कढईतून काळा धूर उठला. मुलं खोकू लागली. भुकेचं नाव कुणी काढेना. रेक्टर नाकाला रुमाल लावून धावत आले.

"काय केलंत हे?"

"करपलं, साहेब. वय झालं. नाकाला कळत नाही आता."

आपल्या हातच्या स्वयंपाकाला त्यांनी आजवर कुणाला नाव ठेवू दिलं नव्हतं. आज स्वतःच ठेवलं, तेही खोटं. त्यांना फार वाईट वाटलं.

रेक्टर थंडपणे म्हणाले, "ठीक. उद्यापासून शेगडीला हात लावायचा नाही. भांडी घासायला बसा. ती जागा रिकामीच आहे."

चष्मेवाली ताडकन उठून उभी राहिली. मावशींना क्षणभर अंथरुणावरचा नवरा दिसला.

"रिकामी कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "तिचा हात बरा झाला की येईल ती."

त्यांनी शेगडी बंद केली, कालथा कढईत ठेवला आणि पायऱ्यांपाशी आल्या.

"सरक रे जरा," त्या जाड्याला म्हणाल्या. त्याने जागा करून दिली.