एडक्यानं मारलं नव्हतं

मी एक जुनं घोंगडं आहे, मित्रांनो. खुंटीवर टांगलेलं, कसर लागलेलं. माझ्या अंगाला अजून मेंढरांचा वास येतो म्हणून पोरं नाक मुरडतात. मुरडू देत.

जतकडच्या माळावरचं मी. बिराप्पा धनगराच्या आईनं लोकर कातली, सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. माझ्या एका टोकाला सोन्याची पहिली लोकर आहे. सोन्या म्हणजे बिराप्पाचा काळाभोर एडका. आई मेलेल्या त्या कोकराला बिराप्पानं बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. बहात्तरचा दुष्काळ आम्ही तिघांनी एकमेकांच्या आधारानं काढला.

ऊन, वारा मी अडवला. घरातला मार काही मला अडवता आला नाही. बिराप्पाची बायको बनुबाई चिडली की हाताला येईल ते हाणायची. कधी फुकणी, कधी चुलीतलं लाकूड. उशिरा आला तरी मार, लवकर आला तरी मार. बिराप्पा उलटून हात उचलत नसे. मला अंगावर ओढून पाठ फिरवून बसे.

पारावर कुणी कपाळाची खोक बघून विचारलं, की तो म्हणे, "एडक्यानं धडक दिली."

कोकरांनाही वाट देणारा गरीब सोन्या तो! पण गावाला पटलं. एडका मारका असायचाच. बायको मारते, हे कुणाच्या मनात तरी येईल का?

मग एकदा बिराप्पाचा हात मोडला. मिरजेहून प्लॅस्टर घालून आला, तरी उत्तर तेच. तेव्हा जाणती माणसं मेंढरांच्या वाडग्याशी आली.

"आज तुजा हात मोडला, उद्या कुणाचं पोर मारंल. इकून टाक त्येला."

बिराप्पानं खरं सांगायला तोंड उघडलं. मी त्याच्या खांद्यावरच होतं. बोल की रे बाबा, बोल! पण त्याला लाज आडवी आली.

"बरं," एवढंच म्हणाला.

बाजाराच्या वाटेवर सोन्याला ओढावं लागलं नाही. धनी पुढं चालतोय म्हटल्यावर त्याला कसली शंका? वाटभर तो माझं टोक हुंगत होता. खाटकानं दावं हातात घेतलं तरी बिराप्पाकडंच बघत राहिला. येताना बिराप्पानं मला तोंडावर घेतलं, ते घर येईस्तोवर काढलं नाही.

पुढं सुगीत एकदा विहिरीवर मी त्याच्या खांद्यावरून घसरलं. मानेवरचा ताजा वळ नाथाजीला दिसला. नाथाजी त्याचा लहानपणापासूनचा सोबती.

"आता कोण धडकलं रं? एडका तर गेला."

नाथाजी हसला नाही, शेजारी टेकला.

"वैनी मारती व्हय?"

"मी बाप्या गडी. कुणाला सांगू गड्या? सांगितलं असतं तर माजा सोन्या वाचला असता."

एवढा दांडगा माणूस, पण पोरासारखा रडला. नाथाजीनं मला झटकून त्याच्या अंगावर पांघरलं.

"चल माज्या घरला. तितं तुला कोण हात लावत न्हाई. पारावर मी बोलतो."

नाथाजी बोलला. काही लोक हसले, तरी तो मागं हटला नाही. बिराप्पा त्याच्याकडंच राहिला. मार थांबला. एडका मात्र त्यानं पुन्हा पाळला नाही.

मित्रांनो, मला कधीमधी उन्हात घाला, माझी तेवढीच मागणी. पण कुणा बाप्याच्या अंगावर वळ दिसला, तर हसू नका. एडक्याचं नाव ऐकून पुढं जाऊ नका. शेजारी बसून पुन्हा विचारा. बिराप्पाला कुणी विचारलं, तोवर सोन्यासाठी उशीर झाला होता. शेवटच्या दुखण्यात त्यानं माझं सोन्याच्या लोकरीचं टोक मुठीत धरलं होतं, तो गेल्यावर ते लोकांना सोडवावं लागलं.