पुलाचे दोन कुंपारे

आमच्या सान बार्तोलोच्या नदीवर पूल नाही, म्हणून मी दर रविवारी पेपरात पुलावर लिहितो. पाटी मात्र आहे. तिच्यावर मेयर फोर्तुनातो काबिगटिंग यांचा ट्रकएवढा हसरा फोटो आणि खाली मजकूर, की हा पूल त्यांनी तुम्हाला दिला. लोक त्या फोटोच्या सावलीत तराफ्याची वाट बघतात. तेवढा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं.

तराफ्यावर माझा लेख मोठ्यानं वाचला जातो. सुकी मासळी विकणारी सियोनी वाचते आणि मेयरचं नाव आलं की पाण्यात थुंकते. याहून मोठं बक्षीस मला मिळालेलं नाही. मी कुणाचा मिंधा नाही, एवढीच माझी इस्टेट, आणि तिचा मला भारी माज.

मग माझ्या लेकीचं, दालिसायचं लग्न ठरलं.

"निनोंग म्हणून मेयरला बोलवायचं," माझी बायको पर्पेतुआ म्हणाली.

"त्याला? गेल्या रविवारी मी त्याला मगर म्हटलंय!"

"मग? मगरीला जेवण वर्ज्य आहे का? सगळ्या गावाच्या पोरांच्या लग्नात तोच धर्मपिता, नि आपल्याच पोरीला नको? सासरचे काय म्हणतील? जावयाची नोकरी काय तुझा लेख कायम करणार आहे?"

"बाबा," दालिसाय हळूच म्हणाली, "सासरचे लोक मेयर येणारच हे धरून बसलेत."

आता निनोंग झालेला माणूस आमच्याकडे नुसता साक्षीदार राहत नाही. तो मुलीच्या बापाचा कुंपारे होतो, सख्ख्या भावासारखा, आणि कुंपारेविरुद्ध चारचौघांत ब्र काढायचा नसतो. म्हणजे माझा रविवार संपला. मी दोन दिवस धड जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. डॉक्टर मानालांग दर निवडणुकीत मेयरविरुद्ध पडतात आणि भोंग्यावरून त्याला चोर म्हणतात. त्यांनाही निनोंग करायचं! एकाचा कुंपारे तो मिंधा. दोन्हीकडचा कुंपारे तो निःपक्षपाती. मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला मिठी मारली. तिनं मला प्यालोय का विचारलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड तराफ्यावरून आलं. नवरदेवाच्या मावशीचा एक बूट नदीनं ठेवून घेतला. दोन्ही पुढारी मुख्य टेबलावर, मध्ये भाजलेलं अख्खं डुक्कर. दोघं एकमेकांकडे बघणारही नाहीत, अशी माझी खात्री होती.

पण मी एक गोष्ट विसरलो होतो. आमच्यातलं शेंबडं पोरही ती विसरत नाही. एकाच लग्नाचे निनोंग एकमेकांचेही कुंपारे होतात.

डुकराची कुरकुरीत कातडी संपेपर्यंत त्यांचं "पारे, हे घे", "नको पारे, तू घे" सुरू झालं होतं. मग गळ्यात गळा घालून दोघं कॅराओकेवर गायले. शेवटी माइक मेयरच्या हातात राहिला.

"आज आपण एक कुटुंब झालो!" तो डोळे पुसत म्हणाला. "आता या भावाशी मी कोणत्या तोंडानं भांडू? येत्या निवडणुकीत मी मेयर आणि माझा कुंपारे व्हाइस-मेयर!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. मुलीबरोबर गावातला विरोधी पक्षही मी त्याच मांडवात उजवून टाकला होता.

रात्रभर मी जळत होतो. सकाळी रीतभात गुंडाळून ठेवली आणि आयुष्यातला सर्वांत जहाल लेख लिहिला. दोघांची नावं घेऊन. पर्पेतुआनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी धमक्यांची वाट बघत बसलो.

आला तो मेयर स्वतः, आंब्यांची टोपली घेऊन. "पारे, रागावलास होय रे? मांडवात तुला भाषणाला उठवलं नाही, चुकलंच माझं!" त्यानं माझी पाठ थोपटली, पर्पेतुआच्या हातची कॉफी घेतली आणि गेला.

मी तडक नदीवर गेलो. सियोनी टोपली घेऊन काठावर बसली होती.

"लेख वाचलास?" मी विचारलं.

"वाचला ना." ती थुंकली नाही. "आहेर कमी पडला का हो? की जावयाचं काम झालं नाही?"

"अगं, पुलावर लिहिलंय मी!"

"हो, हो. भांडायला काहीतरी निमित्त लागतंच." तिनं मायेनं माझ्याकडे बघितलं. "घरच्यांत व्हायचंच असं. मिटवून टाका."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तोच आहे. पण काय सांगितलं तरी ती मान डोलावणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिनं टोपलीतली चांगली मासळी निवडून पानात बांधली आणि माझ्या हातात कोंबली. "आणि मिटलं ना, की माझ्या लेकीच्या कामाचं तेवढं मेयरच्या कानावर घाला. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

मासळी परत करायला मी हात पुढे केला. ती आशेनं बघत होती.

"घालतो," मी म्हणालो.