उजव्या मनगटावरची खूण

इजिप्तमधल्या मिन्याजवळच्या डोंगरावर मरियामातेची जत्रा भरली की झाखिर आपलं विजेचं गोंदणयंत्र घेऊन मठाच्या भिंतीशी टेबल टाकणार, हे चाळीस वर्षं ठरलेलं. पोराचं उजवं मनगट ओढायचं, आतल्या बाजूला छोटासा क्रूस गोंदायचा, पोरानं भोकाड पसरलं की आईनं त्याच्या तोंडात तिळाची वडी कोंबायची. रडं थांबेतो पुढचं मनगट हजर.

घरातलं एकूण एक मनगट त्याच्याच हातचं होतं. बायकोचं, दोन्ही भावांचं, मुलगा घत्तासचं. राहिली होती फक्त नात फीबी. सात वर्षांची झाली तरी कोरी. याचं दुःख झाखिरला इतकं होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

"अख्ख्या जिल्ह्याला क्रूस वाटतोस आणि घरची नात तशीच?" शेजारचा चणेवाला मिलाद डिवचायचा. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की रे, झाखिर!"

दोष घत्तासचा. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान चांगलं चाललं होतं, बायको गुणी होती. पण दोन वर्षांपूर्वी तो समीहभाऊंच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला जायला लागला आणि त्याला जगाचा शेवट दिसायला लागला. गेल्या वर्षी एका रविवारी झाखिरकडे जेवण झाल्यावर ठिणगी पडली. सून आणि फीबी मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसल्या होत्या.

"बाबा, आपल्या पाद्र्यांना, अबूनांना सांगा, चर्चच्या दवाखान्यावर मजला चढवणं पुरे," घत्तास म्हणाला. "काळ भरत आलाय. खऱ्या विश्वासणाऱ्यांना प्रभू एका क्षणात वर उचलून नेईल. बाकीचे मागे. चर्चनं लोकांना जागं करायचं की खाटा मांडायच्या?"

"आजारी माणूस जागाच असतो रे. त्याला खाटच लागते."

"घर उद्या पडणार, आणि तुम्ही आज गिलावा करताय!"

"असं होय? मग बॅटरीवर दोन वर्षांची हमी कशी लिहून देतोस?"

सून फिसकन हसली. घत्तासचे कान लाल झाले, आणि मनात धरलेलं त्यानं बोलून टाकलं. "शेवटच्या काळात सैतानाचं श्वापद येऊन आपली खूण कुठं उमटवणार, ते शास्त्रात लिहिलंय. कपाळावर, नाहीतर उजव्या हातावर. माझ्या पोरीच्या उजव्या हातावर मला कसलीच खूण नकोय."

"क्रूसाला श्वापदाची खूण म्हणतोस? जीभ झडेल तुझी! देवाच्या माणसांवरही शिक्का असतो, ते पान कोणी फाडलं का तुझ्या शास्त्रातलं?"

"ज्याच्यावर शिक्का नसेल त्याचं काय होतं?" फीबीनं विचारलं.

"तो मागे राहतो," बाप म्हणाला.

"मोठी माणसं बोलताना मध्ये नाक खुपसू नये," आजोबा म्हणाला. "पानं निवड."

त्यानंतर घत्तासनं बापाचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणून आज भर दुपारी फीबीचा डावा हात धरून तो टेबलापुढे येऊन उभा राहिला, तेव्हा झाखिरला आभाळ ठेंगणं झालं. रांगेला त्यानं हातानंच थांबवलं.

"आलास! मिलाद, बघ रे, माझी नात आली! ये गं, बस. सगळ्यात बारीक सुई लावतो तुला."

"त्यासाठी नाही आलो, बाबा," घत्तास हळू आवाजात म्हणाला. "लोकांकडून कळण्याआधी मीच दाखवावं म्हटलं."

एवढ्या उन्हात त्यानं मनगटापर्यंत बाही बटणानं बंद केली होती. बटण काढून त्यानं बाही वर सरकवली.

क्रूसाच्या जागी नाण्याएवढा गुलाबी, सुरकुतलेला, चकाकणारा डाग होता. झाखिरला आधी समजेचना. समजलं तेव्हा त्यानं त्या डागावर बोट टेकवलं.

"बॅटरीतलं ॲसिड," घत्तास म्हणाला. "समीहभाऊंनी सांगितलं नव्हतं. उलट रागावले. मलाच झोप येत नव्हती."

"मेल्या, अरे, तो क्रूस होता! याच्यापायी लोकांनी माना दिल्यात!"

"ज्यांनी दिल्या त्यांनी स्वतःहून दिल्या. मला विचारलं होतंत? पाच वर्षांचा होतो. तुम्ही माझा हात गुडघ्याखाली दाबून धरलात."

धरला होता. त्या गुडघ्याला आज चाळीस वर्षांनी कुणीतरी जाब विचारत होतं. रांगेतल्या बाया टकामका बघत होत्या. मग एकाएकी त्याच्या मनात भलतंच आलं.

"हिला! हिच्या हाताला तर काही केलं नाहीस ना?"

"वेड लागलंय का तुम्हाला? हिच्या हातावर आहेच काय?"

पण झाखिरनं फीबीचं मनगट पकडलं होतं. ती कळवळली. बाहीच्या आत रुमाल घट्ट बांधलेला होता. त्यानं गाठ सोडली.

मनगट टम्म सुजलं होतं. लालभडक कातडीवर काळे ठिपके टोचलेले, वेडेवाकडे. एक उभी रेघ, एक तिरकी आडवी. आडवी अर्धीच.

"हे कुणी केलं?" घत्तास ओरडला.

"मीच," फीबी म्हणाली. "आईच्या सुईनं. चुलीची काजळी लावून. परवा. अर्धा झाला, मग खूप दुखायला लागलं."

"पण का गं, बाळा?" झाखिरनं विचारलं.

"शिक्का नसला की मागे राहतात ना? तुम्ही सगळे वर गेलात आणि मी घरात एकटीच राहिले तर?" ती रडत नव्हती. विचार करून केलेलं काम सांगावं तसं सांगत होती.

घत्तासनं हात पुढे केला. नुसतं जवळ घ्यायला. पण तिची नजर त्याच्या त्या गुलाबी डागावर होती. तिनं झटकन सुजलेला हात पाठीमागे लपवला आणि आजोबांच्या टेबलाला चिकटून उभी राहिली.

"बाबा, आता हा पण जाळणार?"

यंत्र टेबलावर घरघरत होतं. ते बंद करायचं झाखिरच्या ध्यानात आलं नाही. घत्तास तिथंच धुळीत मटकन बसला, आणि त्याला उठवायला झाखिरचा हात काही पुढे होईना.