शेपूचा वाफा

“आजबी शेपूच न्हेला,” नाथाजी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसत म्हणाला. “वांग्याला हात न्हाई, मिरचीला न्हाई. ह्यो कसला चोर म्हनायचा?”

मनुबाई विहिरीतून पोहरा ओढत होती. वर येई ते निम्मं पाणी आणि निम्मा गाळ. दोर पायाखाली दाबून ती नवऱ्याला म्हणाली, “कुनाच्या तरी घरात बाळंतीण आसंल. शेपू आनि कशाला लागतोय? जाऊ द्या की. मूठभर तर न्हेत्यात.”

“आज मूठभर, उद्या पाटीभर.”

“उपटलेला न्हाई, खुडलाय. मागनं फुटावा म्हनून बूड ठिवलंय. बगा तरी.”

नाथाजीनं ते पाहिलं होतं. पण त्यामुळं त्याचा राग कमी झाला नव्हता. सतरा वर्षं फौजेत काढून, नाईक होऊन तो कुंडलला परतला होता. गाव त्याला नाईकच म्हणे. आपल्या पहाऱ्यावरून कधी एक काडतूस हललं नाही, हे तो पारावर बसून पुन्हापुन्हा सांगे. आणि इथं त्याच्या स्वतःच्या कुंपणातून, भर दिवसा, कोणीतरी शेपू नेत होतं.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सगळं शिवार करपून गेलेलं. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. नाथाजीच्या विहिरीच्या तळाला तेवढी ओल उरली होती आणि तिच्यावर त्यानं पाच वाफे जगवले होते. घरात खाणारी सात माणसं. रेशनची तांबडी मिलो ज्वारी घशाखाली उतरायची तर कालवणाला हेच माळवं होतं. त्यामुळं त्याचं राखणं काही चुकीचं नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं तो स्वतःला हेच सांगत राहिला.

दुपारी तो जेवायला घरी जाई, तेवढ्या तासाभरातच चोरी होत होती. त्या दिवशी त्यानं हिवराचे बोटभर लांब काटे तोडून आणले. कुंपणाला एका जागी खिंडार पडलं होतं, तिथली माती त्यानं भुसभुशीत केली, काटे टोकं वर करून रोवले आणि वरून धूळ पसरली.

“आवं, मानसं हायती ती, रानडुकरं न्हवंत,” मनुबाई म्हणाली.

“मानूस आसंल तर चोरून आत येनारच न्हाई.”

तो जेवून परत आला तेव्हा खिंडारात माती विस्कटली होती. शेपू खुडला होता आणि मातीवर रक्त सांडलं होतं. ते बघून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. ही गोष्ट मात्र तो कधी कुणाला सांगू शकला नाही.

रक्ताचे थेंब बांधावरून ओढ्याकडं गेले होते. तो माग काढत निघाला. ओढ्याच्या काठाला, करंजाच्या सावलीत एक फाटकं पाल होतं. पालाच्या तोंडाशी एक म्हातारी पाय मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी फडक्यावर शेपू होता. तिनं वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “या, नाईक. बसाया द्याला काय न्हाई बगा.”

नाथाजी जागीच थांबला. ती धोंडुबाई होती, धुळा धनगराची बायको. माणदेशातून दर साल दिवाळीनंतर धुळा आपली दोनशे मेंढरं घेऊन येई आणि चार रात्री नाथाजीच्या रानात बसवी. मेंढरांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळे, धनगराला ज्वारी मिळे. पंधरा वर्षं हे चाललं होतं. ज्या वाफ्यांवर तो पहारा करत होता, त्यांची माती त्याच मेंढरांनी काळी केली होती. यंदा मेंढरं चाऱ्यावाचून मेली आणि धुळाचं कुटुंब खडी फोडायला इकडं आलं होतं.

“धोंडुबाई, तू व्हय?”

“व्हय, मीच.” तिनं शेपू लपवला नाही. आत एक तान्हं किरकिरत होतं. “सून बाळंत हाय. अंगावर दूद न्हाई. कामावर मिळनाऱ्या नुसत्या सुकडीवर कुटनं येनार?”

“मग मागायचं हुतं की माज्याकडं.”

“आमचं मालक आलं हुतं की. इहिरीपशी पाल टाकू द्या, पान्याची सोय हुईल म्हनलं हुतं.” तिचा आवाज चढला नाही. “पान्याला न्हाई म्हनला तुमी. भाजीला कसं व्हय म्हनला असता?”

त्याची नजर तिच्या पायाकडं गेली. तिच्या टाचेत एक काटा मोडला होता आणि दुसरा पुढच्या बोटांत शिरला होता. म्हातारीचा हात तिथवर नीट पोचत नव्हता. फौजेत त्यानं कितीजणांच्या पायातले काटे काढले होते. खाली बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा, एवढंच करायचं होतं.

“पुन्यांदा येऊ नगंस,” तो म्हणाला आणि माघारी फिरला.

चार दिवसांनी पाय सुजून काळा पडला. धुळानं तिला बैलगाडीतून आणि मग एस्टीनं सांगलीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. हे नाथाजीला मनुबाईकडून कळलं. ती रोज दुपारी पदराखाली शेपू घेऊन ओढ्याकडं जात होती आणि ते दिसत असूनही तो वांग्यांना पाणी घालत राहायचा. आपणही एकदा जावं असं त्याला रोज वाटे. काय बोलायचं ते जुळत नसे. मग मृगाचा पाऊस पडला आणि धनगर पाल मोडून आपल्या मुलखाला निघून गेले.

एक साल ते आलेच नाहीत. पुढच्या सालच्या दिवाळीनंतर नाथाजीला मेंढरांचं बेंबाटणं ऐकू आलं. जेमतेम चाळीस मेंढरं होती. ती त्याच्या रानावरून पुढं गेली आणि शेजारच्या आप्पासोच्या रानात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिकडं गेला. धुळानं उठून रामराम केला.

“धुळा, माजं रान मोकळं हाय की रं.”

“यंदा आप्पासोस्नी शबूद दिलाय, नाईक.”

“मग पुडल्या साली?”

“पुडल्या सालचं पुडल्या साली बगू.” धुळा कडू बोलला नाही. मेंढरांभोवतीच्या जाळ्या पुन्हा नीट बांधायच्या म्हणून तो निघून गेला.

धोंडुबाई टाचेवर भार देत, एका अंगाला झुकून आली. तिच्या हातात जर्मनचा पेला होता.

“घ्या, शेरडाचं दूद हाय. आत्ताच तापीवलंय.”

त्यानं पेला घेतला. दीड वर्ष तो जे शब्द जुळवत होता, त्यातला एकही त्याला आठवेना.

“पाय... कसा हाय?”

“चालतोय की. मेंढरामागं कुटं पळायचं आसतंय?”

दुधात तिनं गूळ घातला होता. तो उभ्यानंच प्याला. ती समोर थांबली होती. पेला रिकामा झाल्यावर तिनं हात पुढं केला, घेतला आणि पदरानं पुसला.

“मनुबैस्नी सांगा, नातू चालाया लागला म्हनावं.”

“सांगतो,” तो म्हणाला.

ती वळली आणि हळूहळू मेंढरांकडं गेली. नाथाजी परत निघाला. मिशीला दूध लागलं होतं, ते पुसायचंही त्याला बांध ओलांडेपर्यंत सुचलं नाही.