दिरानं लावलेली आग

माझा अशील लिफ्ट दुरुस्त करतो. गेल्या वर्षी तो सुट्टीला आपल्या देशात गेला, तेव्हा तिथं त्याच्या थोरल्या भावाचा फर्निचरचा कारखाना जळाला आणि आत झोपलेला भाऊ गेला. हा अंत्यविधीलाही न थांबता इकडच्या विमानात बसला. मग तिकडच्या सरकारनं खटला चालवायला त्याला इथून परत मागितलं. पुरावा एकच, वहिनीचा जबाब: "माझ्या दिरानंच आग लावली."

तो आणि मी एकाच भाषेचे, त्यामुळे मला वाचतानाच हसू आलं. आपल्याकडे भांडण लावून देणाऱ्यालाही आग लावणारा म्हणतात. भाषांतर करणाऱ्यानं मात्र त्याच्या हातात सरळ काडेपेटी दिली होती.

"काय लावालावी केलीस?" मी विचारलं.

"दादाला म्हटलं, वहिनी कारखाना तिच्या भावाच्या नावावर करायला निघालीय. खोटंच होतं. दादा भरल्या ताटावरून उठला आणि कारखान्यात जाऊन झोपला."

"आणि तू?"

"त्यांच्याच घरी, बाहेरच्या खोलीत. त्या रात्री दाराला आतून कुलूप वहिनीनंच घातलं. किल्ली तिच्याजवळ."

म्हणजे त्याला वाचवू शकणारी साक्षीदारही तीच. सुनावणीला ती पडद्यावर आली, केस घट्ट बांधलेले, चेहरा कोरा.

"दीर आग लावत असताना तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

"पाहिलं की. माझ्या स्वयंपाकघरात लावली, जेवता जेवता."

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. न्यायाधीशबाईंचं पेन थांबलं.

"आणि कारखान्याची?" मी पुढे विचारलं.

"ते असं पडद्यावरून नाही सांगायची. भाऊजींना इथं येऊ देत, माझ्यासमोर बसू देत. मग सांगते."

मला वाटलं, जिंकलो. अशा साक्षीवर मांजरसुद्धा कुणी पकडणार नाही, असं मी जरा सभ्य शब्दांत बोललो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. साक्षीदार खरी की खोटी हे ठरवणं या कोर्टाच्या अधिकारात नाही, त्या म्हणाल्या. कागद रीतसर आहेत, गुन्हा दोन्ही देशांत गुन्हाच आहे आणि माणूस तोच आहे. बाकीचं तिकडचं कोर्ट बघेल. शिवाय साक्षीदार तिथं बोलायला तयारच आहे. अपिलातही हेच ऐकायला मिळालं. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

त्याला न्यायच्या दिवशी मी कोठडीत भेटलो. "तुझी वहिनी महाबिलंदर आहे," मी म्हणालो. "एका वाक्यावर दोन सरकारं कामाला लावली."

"दादा गेल्यापासून फोन करत होती. एकदा समोर येऊन जा, एवढंच म्हणायची. मी उचलणंच बंद केलं. कुठल्या तोंडानं बोलणार?"

"तिकडे जन्मठेप आहे. समोर बसल्यावर तरी कुलपाचं सांगेल ना ती?"



"आधी मला सांगावं लागेल," तो म्हणाला, "की मी खोटं बोललो होतो. दादा तिला खरीच चोर समजून गेला."