थर्मामीटरचे तीन अंश

घरी मावशी, शाळेत बाई. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की नातं दाराबाहेर ठेवायचं, असं दोघींचं ठरलं होतं. तरी विज्ञानाची बाई आपली सख्खी मावशी आहे, याचा भाचीला कोण तोरा!

मावशीने वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "दिसेल तेच लिहायचं. आणि उपकरणावर डोळे झाकून विसंबायचं नाही, आधी त्याचीच परीक्षा घ्यायची."

प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. पाणी किती अंशांना उकळतं ते शोधायचं होतं. भाचीला विज्ञान शाखा हवी होती आणि सगळी भिस्त याच मार्कांवर होती. तिने थर्मामीटर आधी वितळत्या बर्फात धरला. शून्याऐवजी तीन! मग उकळत्या पाण्यात धरला, तर एकशे तीन. तिने दोन्ही आकडे लिहिले, खाली 'थर्मामीटर तीन अंश जास्त दाखवतो' असंही लिहिलं. स्वारी जाम खूश होती. बाकीच्यांनी पुस्तकातले शंभर ठोकून दिले होते.

परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, उपकरणं तपासली होती ना? तशी सही आहे तुमची."

"तपासलीत की, सर." मावशीने भाचीकडे पाहिलंच नाही. "पोरगी जरा धांदरट आहे. वाचताना चुकली असेल."

भाचीच्या पायाखालची जमीन सरकली. "मावशी, तूच तर सांगितलंस..."

"इथे बाई म्हणायचं."

परीक्षकांना तिची दया आली. "पुन्हा बघ बाळ, नीट बघ. किती?"

ती वाकली. पारा एकशे तीनवर ढिम्म उभा होता. खरं सांगितलं तर मावशी खोटी पडणार, नाही तर आपण. मावशीने एक शब्द बोलावा म्हणून ती थांबून राहिली. मावशी पाठ फिरवून नळाखाली परीक्षानळ्या धूत होती. आपल्याला हिने सरळ वाऱ्यावर सोडलं, हे भाचीला कळून चुकलं.

"शंभर," ती म्हणाली.

"बघ, जमलं की नाही! खोड आणि नीट लिही."

तिने बर्फाची ओळही खोडली. परीक्षकांनी निरीक्षणाचे पैकीच्या पैकी मार्क दिले. ते पुढच्या टेबलाकडे वळताच मावशी येऊन तिच्या कानाशी कुजबुजली, "शहाणी गं माझी!"

विज्ञान शाखा आता पक्की होती. भाचीला ती नकोशी झाली होती.